आमचं थिबा राजाचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, आणि विषय आहे एक दार. आमच्या गावच्या घराचं पुढचं दार. नात्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं आहे, निम्म्यांची बोटं लहानपणी त्यात चेमटलेलीही आहेत. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. रत्नागिरीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, मागे विहीर, कोकणातल्या कुठल्याही घरासारखंच. घराचं तोंड पश्चिमेला. पूर्वी पुढे पडवी होती, ती माझ्या लहानपणी एका पावसाळ्यात कोसळली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती परत उभारली नाही. पैसे नव्हते. तेव्हापासून पुढचं दार उघड्यावर आलं. जून ते सप्टेंबर समुद्राकडून येणारी झड थेट त्याच्या तोंडावर, आणि उरलेले आठ महिने दुपारचं ऊन. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला आमच्या दाराने किती प्यायला असेल याचा हिशेब आपला आपणच करावा.

दार दोन झडपांचं, जाड फळ्यांचं. बिजागऱ्या नाहीत. झडपेच्या कडेलाच वर-खाली लाकडी खुंट्या कोरून काढलेल्या आहेत आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरतात. उघडताना असा काही आवाज करतं की रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलाची चोरी लपत नसे. (अनुभवाचे बोल आहेत!)

तर या दाराची आमच्या घराण्यात एक कथा होती. रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा बांधला गेला, तेव्हा त्याच्या कामातून उरलेलं बर्मी सागवान आजोबांनी विकत घेतलं आणि त्याचं हे दार केलं. अण्णा ही गोष्ट सांगत, अक्का सांगे, आणि मी तर सांगतच असे. कारण मी इतिहासाचा मास्तर. आठवी-नववीच्या मुलांना तिसरं इंग्रज-बर्मी युद्ध शिकवताना माझ्या हातात आयतं साधन होतं. सहल थिबा राजवाड्यावर न्यायची, तिथून मुलांना आमच्या घरी आणायचं, कोकम सरबत द्यायचं आणि म्हणायचं, "आता या दाराला हात लावा. ज्या लाकडापायी राजाचं राज्य गेलं, ते हे लाकूड." मुलं खरंच हळूच हात लावायची. बत्तीस वर्षं हे केलं.

ज्या लाकडापायी राज्य गेलं, हे वाक्य काही उगाच नव्हतं. वरच्या ब्रह्मदेशातली सागवानाची जंगलं थिबाच्या ताब्यात होती आणि तिथली झाडं तोडण्याचा ठेका होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे. कंपनी १८६३ मध्ये निघाली, नावात मुंबई आहे ते त्यामुळेच. साग तोडण्याची तिथली रीत मला नेहमी गमतीची वाटत आली. ओलं सागवान पाण्यात बुडतं. म्हणून आधी बुंध्याभोवती खोल खाच पाडून झाड उभंच मारायचं, दोन-तीन वर्षं तसंच वाळू द्यायचं, मग तोडायचं. हत्तींनी ओढून ओंडके ओढ्यात टाकायचे आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते नदीला लागायचे. तर १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने ठरवलं, की कंपनीने ओंडके कमी दाखवून राजाचं देणं बुडवलं आहे. दंड ठोठावला तेवीस लाख रुपये. कंपनी इंग्रज सरकारकडे धावली. फ्रेंच तिथे पाय रोवतील ही धास्ती इंग्रजांना होतीच, त्यांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरात सैन्य इरावतीतून वर चढलं आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. २९ नोव्हेंबर १८८५ ला सव्वीस वर्षांच्या राजाला मंडालेहून बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. इथे तो तीस वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. नवा वाडा तयार होऊन तो तिथे राहायला गेला १९१० साली, म्हणजे हद्दपारीतली चोवीस वर्षं गेल्यावर. तांबडा चिरा, उतरती छपरं, लाकडी जाळ्या, रंगीत काचा. आपल्यापैकी ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ मध्ये मंडालेच्या तुरुंगात गेले, आणि मंडालेचा राजा तेव्हा रत्नागिरीत होता. हेही मी दर वर्षी सांगायचो आणि दर वर्षी एखादा तरी मुलगा विचारायचा, "सर, मग अदलाबदल का नाही केली?" याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

असो. दाराकडे येतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. माडाची एक झावळी येऊन दारावर आपटली आणि हिरव्या ऑइलपेंटचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला. खालून दुसरा हिरवा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली कसला तरी पांढुरका. पापुद्र्याआड पाणी कोंडून फळी मऊ पडायला लागली होती. पुण्याहून मुलगी आली होती, ती म्हणाली, "बाबा, सगळा रंग काढून टाका. खालचं सागवान किती सुंदर असेल! वरून क्लिअर कोट मारू, म्हणजे लाकूड दिसेल." मलाही पटलं. आमच्या पिढीने चांगलं लाकूड रंगाखाली झाकलं, ही पिढी ते उघडं करायला निघाली आहे. थिबाचं सागवान उघड्या डोळ्यांनी बघायला मिळणार या कल्पनेने मी हरखून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

काम प्रत्यक्षात सुरू झालं एप्रिल २०२२ मध्ये. गावातलेच एक सुतार, साठीचे, वडिलांपासून हाच धंदा. मशीन लावून घासतो म्हणाले, पण माझ्या डॉक्टर भाच्याने फोनवर अडवलं. जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं. पूर्वीचा पांढरा रंग म्हणजे सफेता, तो शिशाचा. लाकडाला पहिला हात द्यायचा शेंदूर, तोही शिशाचाच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्यामुळे जुना रंग कोरडा घासला की ती धूळ छातीत जाते, आणि लहान मुलांना तर फार वाईट. मग रंग मऊ करणारं द्रावण लावून, ओलं ठेवून, पत्रीने खरवडून काढला. तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क. निघालेला चोथा कागदात गुंडाळून पिशवीत. नातवंडांना त्या आठवड्यात मागच्या दाराने ये-जा. हे एवढं सविस्तर लिहितो आहे कारण नात्यातल्या दोघातिघांनी आपली जुनी दारं काढायची म्हणून ठरवलं आहे. बाबांनो, कोरडं घासू नका.

तिसऱ्या दिवशी सुतार गणेशपट्टीवर होते. मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. त्यांनी हाक मारली, "सर, हिकडं या. आकडं हायत." गणेशाच्या खाली, रंगाने बुजलेले, पटाशीने कोरलेले चार आकडे होते. १८१२. क्षणभर माझी छाती फुगली. १८१२! पेशवाईतलं! मग डोकं ताळ्यावर आलं. इतक्या जुन्या सुतारकामावर इसवी सन कोण कोरणार? हा शक. शके १८१२ म्हणजे इसवी सन १८९०. घर पणजोबांनी बांधलं हे आम्हाला ठाऊक होतं, साल ठाऊक नव्हतं. ते कळलं म्हणून आनंद झाला. तो आनंद चहा होईपर्यंत टिकला. कारण चहा पिता पिता लक्षात आलं, की १८९० मध्ये थिबाच्या वाड्याचा पत्ताच नव्हता. राजा तेव्हा बंगल्यात राहत होता. वाड्यातलं उरलेलं लाकूड मिळायला वाडा तर हवा!

मी लगेच वकिली सुरू केली. तारीख चौकटीवर आहे. चौकट पणजोबांची, झडपा मागाहून आजोबांनी बसवल्या असतील. इतिहासाच्या माणसाला अशी पळवाट पटकन सापडते. सुतारांनी बिडी विझवली, झडपेची खुंटी दाखवली आणि म्हणाले, "सर, ही झडप चौकटीत घालायची कशी? चौकट जोडतानाच मधी धरून बसवाय लागते. मागनं घालायची तर चौकट फोडाय हवी. आनि चौकट कुनी फोडलेली न्हाय." मी गप्प. मग त्यांनी झडपेच्या आतल्या बाजूला रंध्याचा एक हात फिरवला. भुगा नव्हे, लांब सोनेरी ढलपी निघाली. अगदी हळदीसारखी पिवळी. ती माझ्या हातात देत म्हणाले, "आनि ह्यो साग न्हायच. फनस हाय."

सागाला हात लावला की जरा तेलकट लागतो, आणि ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा एक वास असतो. या ढलपीला तो वास नव्हता. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं, उजेडात राहून राहून तपकिरी होतं आणि जुनं झालं की सागवान म्हणून सहज खपून जातं. सुतारांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. "मग बोलला का नाहीत?" म्हटलं. तर म्हणाले, "सर, शाळंत तुमीच सांगितलेलं साग म्हनून. मंग म्या कसा बोलनार?" ते माझे विद्यार्थी नव्हेत, पण त्यांचा मुलगा होता. सहलीला आला होता, दाराला हात लावून गेला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हसू नका. बत्तीस वर्षं म्हणजे कमीत कमी हजारभर मुलं. त्यांतली काही आज स्वतः शिक्षक आहेत. मी त्यांना सांगत आलो की कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका, आणि स्वतःच्या घरच्या दाराची ढलपी कधी काढून पाहिली नाही.

सकाळी उठून कपाटातलं आज्ञापत्र काढलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं, त्यानंतर धड्यापुरतं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यातला झाडांविषयीचा मजकूर हल्ली 'शिवाजी महाराजांचं पत्र' म्हणून मोबाइलवर फिरत असतो. ते महाराजांचं पत्र नव्हे. महाराजांना जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. पण अमात्य त्यांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे धोरण त्यांचं म्हणायला हरकत नाही. तर आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याबद्दल अमात्य सांगतात, की रानातला साग वगैरे हुजूरच्या परवानगीने तोडावा. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं आहे, पण त्याला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही. अगदीच एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं.

हा उतारा मी शिकवलेला आहे. 'शिवकालीन पर्यावरणदृष्टी' असं फळ्यावर लिहून शिकवलेला आहे. पण तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं की राजाचं झाड आणि रयतेचं झाड असा त्यात सरळ फरक आहे. साग राजाचा, फणस घरचा. नंतरच्या काळात इंग्रजांनी पहिला ताबा घेतला तोही सागाचाच. कंपनीने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसनला जंगलांवर नेमलं, ते जहाजांच्या सागासाठी. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आज दोनशेहून जास्त वर्षांनी इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. साग मोठाच, त्याच्याबद्दल शंका नाही. म्हणूनच आम्हालाही आमचं दार सागाचं असावंसं वाटलं असणार. आणि तेही राजाच्या सागाचं.

फणसाचाही ब्रह्मदेशाशी संबंध निघाला, तो वेगळाच. तिथल्या भिक्षूंची वस्त्रं रंगवायला फणसाच्या गाभ्याच्या ढलप्या उकळत. तो पिवळा रंग म्हणजे माझ्या हातातल्या ढलपीचा रंग. दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाचे करतात. एवढं सगळं वाचल्यावर दाराकडे मी जरा नव्याने पाहू लागलो, पण मनातली खुटखुट गेली नाही ती नाहीच.

आता क्लिअर कोटाची कर्मकथा. यात चूक सर्वस्वी माझी. सुतारांनी आधीच सांगितलं होतं, की आधी पडवी उभारा, मग काय ते लावा. पडवीचा खर्च ऐकून मी म्हटलं, आधी कोट मारू. लाकूड घासून गुळगुळीत केलं. खिळ्यांभोवती काळे डाग होते. लोखंड आणि लाकडातलं तुरट द्रव्य यांचा तो संयोग, शाई पूर्वी अशीच करत. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने पुसले. (विषारी असतं. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा.) मग मुलीने पाठवलेलं कडक, चकचकीत पॉलियुरेथेन तीन हात मारलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! मधासारखं. गावातले लोक बघायला येत. मी आतून बाहेरून फोटो काढले, तुमच्यापैकी पुष्कळांना पाठवले.

२०२३ च्या दिवाळीला खालच्या अंगाने ते सापाच्या कातीसारखं सुटायला लागलं. सुटलेल्या कातीखाली लाकूड राखाडी.

का, ते मग वाचून काढलं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. उन्हातली अतिनील किरणं ते तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागे राखाडी तंतू उरतात. बाहेरचं प्रत्येक उघडं लाकूड म्हणूनच राखाडी होतं. आता वरचा लेप जर काचेसारखा स्वच्छ असेल तर ऊन त्यातून आरपार जाणारच. लेप शाबूत राहतो आणि त्याच्या पायाखालचं लाकूड कुजकं होतं. मग लेपाने धरायचं कशाला? शिवाय लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. कडक लेप तेवढा ताणत नाही, तडकतो. तडकला की पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. अण्णांचा कुरूप हिरवा ऑइलपेंट निदान ऊन तरी अडवत होता.

पूर्वीच्यांना हे शास्त्र माहीत नसेल पण परिणाम माहीत होते. घरातल्या खुर्च्या-कपाटांना चपडा लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवून, चिंधीच्या बोळ्याने. लाख आपलीच, जगभर जात असे. पण बाहेरच्या दाराला ती कोणी लावत नसे, पाणी लागलं की पांढरे डाग. बाहेरच्या कामाला रोगण. जवसाच्या तेलात चंद्रूस शिजवून केलेलं. चंद्रूस यायचा आफ्रिकेतून. झांझिबारच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेली जुनी राळ. जहाजांच्या डोलकाठ्यांना लावायचं व्हार्निश मुद्दाम जास्त तेलाचं करत, म्हणजे काठी वाकली तरी ते तडकत नसे. गरिबाच्या होडीला मात्र काजूच्या टरफलांचं तेल. अंगावर पडलं तर फोड येतील असं, पण लाकडाला कीड लागत नाही. आणि ब्रह्मदेशात? तिथे येनांजाउंगला जमिनीतून निघणारं कच्चं तेल होतं. घरांना, होड्यांना तेच फासत. लाकूड काळं होई, पण टिके.

मंडालेचा सागवानी राजवाडा १९४५ च्या मार्चमध्ये लढाईत जळून गेला. पण त्यातली एक इमारत वाचली. थिबाचे वडील मिंडोन राजे १८७८ मध्ये ज्या महालात वारले, तो थिबाने सोडवून राजवाड्याबाहेर नेला आणि त्याचा मठ केला. श्वेनान्डॉ मठ. त्याच्यावर आतून बाहेरून सोन्याचा वर्ख होता. आत तो अजून दिसतो. बाहेरचा ऊनपावसाने गेला, खाली नक्षीचं सागवान गडद, खरबरीत उभं आहे. फोटो पाहिले तेव्हा मला माझं दार आठवलं, हे मोठ्या तोंडी लहान घास की लहान तोंडी मोठा, तुम्हीच ठरवा.

२०२४ च्या जानेवारीत, दाराची कात निघालेली असतानाच, एक गृहस्थ आले. किनाऱ्यावर त्यांचं हॉटेल होतंय, जुनी दारं जमवताहेत. कोणाकडून तरी थिबाच्या दाराची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली. दीड लाख म्हणाले. दाराचे दीड लाख! पडवी, कौलं, विहिरीचा कठडा, सगळं त्यात झालं असतं आणि वर उरले असते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. शके १८१२, खुंटी, पिवळी ढलपी. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "सर, ते ठीक आहे हो. गिऱ्हाइकाला काय कळतंय? तुम्ही इतिहासाचे शिक्षक, तुम्ही फक्त ती थिबाची गोष्ट एका कागदावर लिहून सही करा. फ्रेम करून शेजारी लावू."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करून कळवतो म्हटलं. दोन दिवस विचार केला. बत्तीस वर्षं फुकट सांगितलंच होतं, आता एकदा लिहून दीड लाख मिळताहेत, असंही मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, की फणसाचं दार म्हणून हवं असेल तर बोलू. त्यावर त्यांनी सांगितलेली किंमत मी इथे लिहीत नाही. दार कुठे गेलं नाही.

राहिली अक्का. ती पंच्याऐंशीची, पुण्याला असते, आणि ही गोष्ट अण्णांच्या तोंडून ऐकलेली आता ती एकटीच. तिला सांगावं की नको असं बरेच महिने चाललं होतं. शेवटी फोनवर सांगितलं. ती चिडलीच. "तुझा सुतार चुकला असेल. अण्णा काय खोटं बोलत होते?" मी म्हटलं, अगं, खोटं नव्हे, ऐकीव. तिने फोन ठेवला. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी सातला तिचाच फोन. "अरे, आजी रात्री काय म्हणायची आठवतं? 'बरक्याला कडी घातलीत का गो?'" मला आठवेना, आजी गेली तेव्हा मी चार वर्षांचा. अक्का म्हणाली, "आम्ही पोरं समजायचो, बरका म्हणजे दाराचं लाडाचं नाव. म्हणजे परसातला बरका फणस होता की काय रे तो?"

आता हा पुरावा म्हणून मी वर्गात चालवून घेतला नसता. ऐंशी वर्षांपूर्वीचं, एकीच्या आठवणीतलं एक वाक्य. पण परसात विहिरीच्या डाव्या अंगाला एक मोठा खळगा आहे, तिथे काही रुजत नाही, आणि त्याला आम्ही पिढ्यान्पिढ्या 'फणसाचा खळगा' म्हणतो, तिथे फणस कोणीही पाहिलेला नसताना. एवढंच नोंदवून ठेवतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, पॉलियुरेथेनची उरलेली कात काढून दाराला पुन्हा हात घातला. या वेळी वर थर चढवायचा नाही, आत मुरवायचं. नुसतं बेलतेल आमच्याकडच्या दमट हवेत बुरशीने काळं पडतं, म्हणून बाहेरच्या लाकडासाठीचं बुरशीनाशक घातलेलं तेल आणलं, किंचित तांबूस झाक असलेलं. ती झाक शोभेची नाही, ऊन अडवण्यासाठी. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत. झडपा निघत नाहीत, त्यामुळे खालची कड, जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं, तिथे मी ओटीवर पालथा पडून चिंधीने तेल पोचवलं. सूनबाईने फोटो काढला आहे, तो कृपया कोणी पुढे पाठवू नये. आणि एक, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी विहिरीच्या कठड्यावर पसरून वाळवल्या.

मधासारखं वगैरे काही दिसत नाही. मळकट तपकिरी दिसतं. दर वर्षी पावसाआधी एक हात द्यावा लागेल. मला जमतंय तोवर मी देईन, मग भाच्याने कबूल केलं आहे. सुतारांच्या हट्टामुळे पुढे छप्परही झालं. पेन्शनीतून कौलांचं झेपलं नाही, चार लोखंडी खांब आणि वर निळा पत्रा. गेल्या पावसाळ्यात पुढची झड बरीचशी त्याने घेतली. दार फुगलं, पण लागत होतं. अक्काला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, दार चांगलं झालंय, पत्रा मात्र अगदी बस स्टँडसारखा दिसतो.